लोणारच्या काठावर सायकल टेकवून

हिवाळ्यात आम्ही दोघे मित्र सिंदखेडराजाहून सायकलने लोणारला गेलो. जिजाऊंचा जन्म झाला तो वाडा सर्वजण पाहतात. लखुजी जाधवांच्या भव्य समाधीपाशी मात्र त्या सकाळी आमच्याशिवाय कोणीही नव्हते. पुढे दुतर्फा तूर आणि वेचणीला आलेला कापूस होता.

लोणारचे विवर उल्काघाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेले असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, हे पाठ असूनही काठावर उभे राहिल्यावर मी बराच वेळ गप्प होतो. तळाचे पाणी खारे व क्षारयुक्त, तर काठावरच्या धारेचे गोमुखातून पडणारे पाणी गोड. एवढ्या थोड्या अंतरात असा फरक मी अन्यत्र पाहिलेला नाही. जून २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हेच सरोवर गुलाबी झाले होते. सायकली वरच ठेवून, झाडीतल्या पायवाटेने कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत अवश्य उतरावे, आणि साबण किंवा प्लास्टिक मुळीच खाली नेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

परतताना आम्ही जवळच्या अंबर तळ्याकडे वळलो. तेथील मारुती चक्क पहुडलेला आहे.