मे महिन्यातल्या चार कादंबऱ्या

नागपुरात मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे आमच्या वाचनगटाने मासिक आव्हानासाठी नेमका हाच महिना निवडला, तेव्हा कोणी कुरकूर केली नाही. अटी सोप्या होत्या: महिन्याभरात चार मराठी कादंबऱ्या वाचायच्या, त्यांपैकी किमान दोन विदर्भातल्या लेखकांच्या असाव्यात, आणि प्रत्येक पुस्तक संपल्यावर, त्यावरची समीक्षा न वाचता, एक पानभर टिपण लिहायचे. पुस्तके जमवणे मात्र अटींइतके सोपे नव्हते. दोन वाचनालयातून मिळाली, एक सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडले आणि चौथे एका मैत्रिणीने, पानांचे कोपरे दुमडायचे नाहीत या बोलीवर, उसने दिले.

सुरुवात विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ने केली, कारण ती चौघींत सर्वांत लहान होती. १९३९ साली, म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू झाले त्याच वर्षी, ती प्रसिद्ध झाली. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हेर्टा यांची ओळख होते. प्रेमकथा म्हणून ती दोन बैठकांत संपते. मला अडवून धरले ते बोटीच्या वेळापत्रकाने. चक्रधरला मुंबईला उतरायचे आहे, हेर्टाला पुढे शांघायला जायचे आहे, कारण ज्यू निर्वासितांना व्हिसाशिवाय शिरता येईल अशी तेव्हाच्या जगात फार थोडी ठिकाणे उरली होती आणि शांघाय त्यांपैकी एक होते. त्याला उतरण्यासाठी बंदर आहे, तिला नाही, एवढ्या एका फरकावर सगळी कादंबरी उभी आहे. टिपणात मी चक्रधरबद्दल बरेच कडक लिहिले आणि ते मत अजूनही तसेच आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) मी पूर्वी शाळेत असताना वाचली होती, म्हणून तिच्यावर फार रेंगाळलो नाही. औंध संस्थानातला कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, तालीम उभी राहते, दुष्काळ पडतो, वाडी ओस होते. लेखकाचा आवाज कुठेही चढत नाही, हे तिचे मोठेपण कोणीही सांगेल. पण ‘रणांगण’ पाठोपाठ वाचल्यामुळे या वेळी दुसरेच दिसले: मास्तरालाही बोटीवरून उतरण्याची सोय आहे. धनगर पोटासाठी परागंदा होतात, तो बदलीवर जातो.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ला (१९६०) मी ठरवले होते त्याच्या दुप्पट वेळ लागला. संवाद वऱ्हाडीत आहेत, आणि घरात वऱ्हाडी ऐकत वाढलेल्या माणसालाही ती छापील पानावर पटकन वाचता येत नाही, कारण ती कानाची भाषा आहे. सुटीसाठी अमरावतीहून आलेली आत्या घरी होती. कूलरसमोर बसून तिला संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखवू लागलो, तेव्हा नायिका कौतिकचे बोलणे सुटे झाले. माझा हेल चुकला की आत्या वाक्य स्वतः म्हणून दाखवी. नवरा महादेव संसाराचा भार पेलत नाही, आणि कौतिक मजुरी करून मुलांना वाढवते, हे कथानक एका वाक्यात मावते. पण शेळके तिच्यावर एकदाही दयेचे पांघरूण घालत नाहीत. मध्येच थांबवून आत्या म्हणाली, “तिले कोनी विचारत नाही गा, पन सारं तिलेच पाहा लागते.” माझ्या टिपणात यापेक्षा नेमके काही आले नाही, म्हणून तेच वाक्य उतरवून घेतले. इथे निवेदक पाहुणा नाही. निघून जाण्यासाठी कोणाजवळच दुसरे गाव नाही.

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ शेवटी ठेवली होती, ती तिच्या जाडीमुळे. २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी बुलडाण्याकडच्या कोरडवाहू शेतीची आहे. एकनाथ एम. ए., बी. एड. झालेला आहे, पण नोकरीसाठी द्यायला पैसे नसल्याने शेतातच अडकला आहे, आणि त्याची बायको अलका या आयुष्यात रमत नाही. काही प्रसंग लांबले आहेत, शेतीच्या अर्थकारणावरची भाषणे पात्रांच्या तोंडी जड होतात, आणि संपादकाने थोडी कात्री चालवायला हवी होती असे मला वाटते. तरीही चौघांत सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते एकनाथने. कौतिकला गावाबाहेरची वाट कोणी दाखवलीच नव्हती. याला ती पदवीच्या रूपाने दाखवली गेली, आणि दाराशी पैसे मागितले गेले. गटाच्या बैठकीत निम्म्या जणांना अलका स्वार्थी वाटली. मला ती बाकीच्या तिन्ही पुस्तकांत न सापडलेली बाई वाटली, जी स्वतःच्या पायांनी निघून जाण्याचा विचार करते, आणि त्यावर आमचा वाद रात्री साडेदहापर्यंत चालला.