न केलेला गुन्हा कुणी कबूल कशाला करेल?

मी पुरावा कायदा शिकवतो हे कळलं की लोक हमखास एक प्रश्न विचारतात. विशेषतः वीस-पंचवीस वर्षं तुरुंगात काढलेला कुणी निर्दोष सुटल्याची बातमी आली की. ‘पण सर, त्यानं गुन्हा कबूल केला होता ना? केलाच नसेल तर कबूल कशाला करेल? आम्ही तर जीव गेला तरी करणार नाही.’

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो. ‘मारलं असणार’ हे त्याचं सोपं उत्तर, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण नुसतं तेवढंच सांगून थांबलं, की ऐकणारा मनातल्या मनात उलटा निष्कर्ष काढतो: बोटही न लावता मिळालेली कबुली म्हणजे खरीच असणार. घोटाळा तिथे आहे.

इंग्लंडमध्ये लेस्टरशायर परगण्यात १९८३ आणि १९८६ साली पंधरा-पंधरा वर्षांच्या दोन मुलींचे बलात्कार करून खून झाले. दुसऱ्या खुनाच्या तपासात १७ वर्षांच्या एका मुलाला पकडलं आणि त्यानं तो खून कबूल केला. पहिला मात्र तो मान्य करेना. दोन्ही खून एकाच माणसाचे, याबद्दल पोलिसांची खात्री होती. जवळच्या लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये माणसाच्या डीएनएवरून ओळख पटवण्याची पद्धत शोधली होती. या मुलानं पहिलाही खून केला हे सिद्ध व्हावं म्हणून पोलीस त्यांच्याकडे गेले. निष्कर्ष आला तो असा: खुनी एकच आहे, पण तो हा मुलगा नव्हे. मग आसपासच्या गावांतल्या सुमारे पाच हजार पुरुषांचे नमुने घेतले गेले आणि शेवटी कॉलिन पिचफोर्क नावाचा माणूस सापडला. त्यानं तर स्वतःच्या नावावर दुसऱ्यालाच रक्त द्यायला पाठवलं होतं. १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. म्हणजे डीएनए चाचणी गुन्ह्याच्या तपासात आली ती कबुली दिलेल्या एका निरपराध मुलाला सोडवत. ही पद्धत चार-पाच वर्षं उशिरा सापडली असती, तर चोर सोडून संन्याशाला सुळी आणि चोर पुढचं सावज शोधायला मोकळा. ‘आरोपीचे इतके लाड केलेत तर गुन्हेगार सुटतील’ म्हणणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो. चुकीचा माणूस आत गेला त्या क्षणी खरा गुन्हेगार सुटलेलाच असतो.

आता चौकशीच्या त्या खोलीत काय होतं ते बघू. माणूस एकटा असतो. किती वाजले हे त्याला कळत नाही. समोरचे आलटून पालटून बदलतात, हा तोच. ‘तुझ्या मित्रानं सगळं सांगितलंय’, ‘तुझे ठसे मिळालेत’ असं त्याला सांगितलं जातं. अमेरिकेत पोलिसांनी असं खोटं सांगितलं एवढ्यावरून कबुली बाद होत नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्येच तसं म्हणून ठेवलंय. मग आवाज मऊ होतो. ‘तू काही मुद्दाम केलं नसशील, रागाच्या भरात झालं असेल. सांगून टाक म्हणजे घरी जाशील.’ बाराव्या-पंधराव्या तासाला माणसाच्या डोक्यात खटला, शिक्षा, तुरुंग यातलं काही नसतं. या खोलीतून बाहेर कसं पडायचं, एवढंच असतं. आणि निर्दोष माणूस मनाशी म्हणतो, आत्ता हो म्हणू, उद्या खरं काय ते कळेलच! खोट्या ठरलेल्या १२५ कबुल्यांचा एक अभ्यास अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ज्या चौकश्यांचा कालावधी कळू शकला, त्या सरासरी १६ तासांहून अधिक चालल्या होत्या.

निर्दोषपणाचा हा भरवसाच माणसाला गाळात घालतो. सॉल कॅसिन या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगात काहींना लुटुपुटूची चोरी करायला लावली, काहींना नाही; मग दोघांनाही विचारलं, गप्प राहण्याचा हक्क वापरणार की बोलणार? चोरी केलेल्यांपैकी ३६ टक्के बोलायला तयार झाले. न केलेल्यांपैकी ८१ टक्के. ‘मी काही केलंच नाही, मला वकील कशाला?’ हे वाक्य तुम्हीही म्हणाल. मीही म्हणेन बहुधा, इतकी वर्षं हे शिकवूनसुद्धा.

कॅसिन यांचाच आणखी जुना, १९९६ चा प्रयोग वर्गात सांगितला की मुलं आधी हसतात. विद्यार्थ्यांना संगणकावर अक्षरं टंकायला बसवलं आणि बजावलं, ‘ऑल्ट’ बटणाला हात लावू नका, सगळं बंद पडेल. थोड्या वेळानं संगणक ठरल्याप्रमाणे बंद पाडला आणि त्यांच्यावर आळ घेतला. बटण कुणीच दाबलं नव्हतं. तरी ६९ टक्के मुलांनी ‘मी दाबलं’ अशा कागदावर सही केली. ज्या गटाकडून भरभर टंकून घेतलं होतं आणि शिवाय ‘मी पाहिलं याला दाबताना’ म्हणणारा खोटा साक्षीदार उभा केला होता, त्या गटात एकूण एक जणानं सही केली. बऱ्याच जणांना तर खरंच वाटू लागलं की बटण आपल्याकडूनच दाबलं गेलं. बटण आणि खून यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, कबूल. पण इथे कोठडी नव्हती, रात्र नव्हती, आणि मुलं काही तासभरसुद्धा बसली नव्हती.

जपानचे इवाओ हाकामाडा यांचं प्रकरण मी दरवर्षी घेतो, कारण यात एकही गोष्ट सुटत नाही. १९६६ च्या जून महिन्यात शिझुओका प्रांतात मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा बनवणाऱ्या एका कंपनीच्या संचालकाचं घर जळलं. आत तो, त्याची बायको आणि दोन मुलं भोसकलेल्या अवस्थेत सापडली. हाकामाडा त्याच कंपनीत कामाला होते, आधी मुष्टियोद्धे होते. ऑगस्टमध्ये अटक झाली. जपानमध्ये आरोप ठेवण्यापूर्वी २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं. रोज सरासरी बारा तास चौकशी. विसाव्या दिवशी ते ‘हो’ म्हणाले. त्यानंतर एक-दोन नव्हे, ४५ कबुलीजबाब तयार झाले. न्यायालयानं त्यातले ४४ बाजूला ठेवले आणि एक ग्राह्य धरला! त्या कबुलीप्रमाणे खुनाच्या वेळी अंगात पायजम्याचा जोड होता. खटला सुरू असताना, खुनानंतर चौदा महिन्यांनी, कारखान्याच्या मिसोच्या टाकीत रक्ताचे डाग असलेले पाच कपडे सापडले. सरकार पक्षानं पायजमा सोडला आणि हे कपडे धरले. १९६८ मध्ये फाशीची शिक्षा झाली. अपिलात त्या कपड्यांतली विजार हाकामाडांना घालायला लावली तर ती वरच चढेना. तरीही शिक्षा कायम राहिली. १९६८ चा निकाल देणाऱ्या तीन न्यायाधीशांपैकी एकानं २००७ मध्ये जाहीर सांगितलं की आपल्याला ते निर्दोष वाटत होते, पण दोघांपुढे आपलं चाललं नाही. २०१४ मध्ये फेरखटल्याचा आदेश आणि सुटका, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये निर्दोष मुक्तता. कपड्यांचा पुरावा बनावट होता आणि कबुली अमानुष चौकशीतून आली होती, असं न्यायालयानं म्हटलं. अटक झाली तेव्हा हाकामाडा तिशीत होते, निर्दोष ठरले तेव्हा ८८ वर्षांचे.

यावर हुशार विद्यार्थी विचारतो, ‘पण कबुलीत खुन्यालाच माहीत असतील असे तपशील असतात, ते कुठून येतात?’ प्रश्न रास्त आहे. डीएनएनं खोट्या ठरलेल्या कबुल्या अमेरिकेत तपासल्या गेल्या, तेव्हा जवळजवळ सगळ्यांमध्ये असे तपशील आढळले. ते आरोपीकडे येतात विचारणाऱ्याकडूनच. ‘चाकू होता का?’ ‘नाही.’ ‘नीट आठव. स्वयंपाकघरातला?’ ‘असेल.’ ‘काळ्या मुठीचा ना?’ ‘हो.’ जबाबात उतरतं: मी स्वयंपाकघरातला काळ्या मुठीचा चाकू घेतला. यात तपास अधिकारी लबाडच असतो असं नाही. त्याला मनापासून वाटत असतं की हाच माणूस आहे, आणि आपण प्रश्नातच उत्तर देतोय हे त्याच्या लक्षातही येत नाही. दोन दिवसांनी त्याला स्वतःलाही शपथेवर सांगता यायचं नाही की ‘काळी मूठ’ पहिल्यांदा कोण म्हणालं.

आणि कबुली एकदा हातात आली की बाकीचा पुरावाही तिच्याकडे झुकतो. ठशांच्या तज्ज्ञांपुढे त्यांनीच पूर्वी तपासलेले ठसे पुन्हा ठेवले आणि सोबत ‘आरोपीनं कबूल केलंय’ अशी माहिती पुरवली, तर काहींनी आपलंच मत फिरवलं. हे प्रयोगात दिसलंय. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या एका तरुणीवरच्या बलात्काराच्या प्रकरणात, १९८९ मध्ये, १४ ते १६ वर्षांच्या पाच मुलांना पकडलं. त्यांच्या कबुल्या एकमेकींशी जुळत नव्हत्या, डीएनए एकाचाही जुळत नव्हता. तरी शिक्षा झाल्या. २००२ मध्ये दुसऱ्याच एका कैद्यानं गुन्हा सांगितला, त्याचा डीएनए जुळला, आणि शिक्षा रद्द झाल्या. त्यातल्या चार मुलांच्या कबुल्या चित्रफितीवर होत्या. पण फीत सुरू झाली ती सगळं घोकून झाल्यावर. त्याआधीच्या तासांचं चित्रीकरण नव्हतंच.

म्हणून ‘कॅमेरे लावले की झालं’ या म्हणण्याला माझा निम्माच पाठिंबा आहे. शेवटच्या दहा मिनिटांचं चित्रीकरण नसलेलं बरं, कारण त्यानं खोटी कबुली अधिक खरी दिसते. पहिल्या प्रश्नापासून हवं. शिवाय कॅमेऱ्यात आरोपी आणि प्रश्न विचारणारा असे दोघंही दिसायला हवेत. फक्त आरोपीचा चेहरा दिसला तर बघणाऱ्याला कबुली जास्त स्वखुशीची वाटते, हेही प्रयोगांनी दाखवलंय.

इंग्लंडनं हे अंगावर घेऊन निस्तरलं. बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटांसाठी १९७५ मध्ये जन्मठेप झालेले सहा जण १९९१ मध्ये निर्दोष सुटले; पोलिसांच्या चौकशीच्या टिपणांची पानं म्हणतात त्या वेळी लिहिलेलीच नव्हती, हे कागदावर उमटलेल्या दाबाच्या खुणांवरून कळलं. १९८४ च्या कायद्यानं तिथे चौकशीचं ध्वनिमुद्रण आलं होतंच. नव्वदच्या दशकात प्रश्न विचारण्याची रीतच बदलली. कबुली काढणं हे उद्दिष्ट नाही. माणसाला मोकळेपणानं सांगू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही, मग त्याचं म्हणणं पुराव्याशी ताडून पाहायचं. पुराव्याबद्दल खोटं बोलायचं नाही. तपास त्यामुळे ठप्प झालेला नाही. खोटं बोलणाऱ्या माणसाला भरपूर बोलू दिलं की तो स्वतःच अडकतो, हे मुरलेल्या अधिकाऱ्यांना कायद्याशिवायही ठाऊक असतं.

आता आपल्याकडचं. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, असं १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ म्हणत होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आहे. तत्त्व उत्तम. पण जुन्या कलम २७ ची पळवाट तिथेही सोबत आली: आरोपीनं सांगितल्यावरून वस्तू सापडली, तर तेवढं सांगणं चालतं. त्यामुळे मेमोरंडम पंचनामा, म्हणजे आरोपीचं हे सांगणं पंचांसमोर लिहून घेतलेला कागद, आला, आणि त्यात साच्यातून काढल्यासारखं वाक्य: ‘लपवून ठेवलेली वस्तू काढून देतो, माझ्यासोबत चला.’ निरक्षर आरोपी असो की पदवीधर, बोलतो तेच आणि तसंच. पंच नेहमीचेच. न्यायालयं याला वेळोवेळी झोडतात, साचा मात्र टिकून आहे. दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारीविरोधातल्या टाडा आणि मोक्का या कायद्यांनी तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुलीच ग्राह्य केली. संमतीशिवाय नार्को चाचणी करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये ठरवलं. पोलीस ठाण्यांत आवाजासह सीसीटीव्ही बसवा, असा आदेश २०२० मध्ये दिला.

मला विचाराल तर खरी लढाई घड्याळाची आहे. अटक केलेल्याला २४ तासांत न्यायाधीशापुढे न्यायचं असतं. पण हे तास मोजले जातात कागदावरच्या अटकेपासून. त्याआधी माणूस ‘चौकशीसाठी बोलावलेला’ असतो आणि ठाण्यातच बसलेला असतो. जे व्हायचं ते बहुतेक तेव्हाच होतं. तेव्हा मोजणी ठाण्यात पाऊल टाकल्यापासून व्हावी. दुसरी मागणी त्याहून लहान आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३८ अटकेतल्या माणसाला चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क देतं, पण लगेच जोडतं की संपूर्ण चौकशीभर नाही. इंग्लंडमध्ये वकील आरोपीच्या शेजारी बसू शकतो, आणि तोही ऐपत न बघता सरकारी खर्चानं. आपल्या कलमातलं हे शेपूट तेवढं काढून टाकायला नवा आयोग लागत नाही, की नवा निधीही लागत नाही.