सरांनी फळ्यावर काढलेलं नाणं

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सहली, स्नेहसंमेलनं आणि कबड्डीच्या आठवणी भरपूर येतील. मी आठवीतल्या रोमबद्दल लिहितो.

आमचे इतिहासाचे सर पुस्तकाबाहेरचं फार शिकवायचे. परीक्षेत त्याचा उपयोग शून्य. एकदा त्यांनी अख्ख्या फळ्यावर रंगीत खडूंनी एक नाणं काढलं. रोमचा सत्ताधीश ज्युलियस सीझरनं इ.स.पू. ४७-४६च्या सुमारास पाडलेलं. एका बाजूला व्हीनस देवी. दुसऱ्या बाजूला, दंतकथेत शत्रूच्या हाती पडलेल्या ट्रॉय शहरातून निघालेला तिचा मुलगा ईनिअस, रोमन लोकांचा मूळपुरुष. डाव्या खांद्यावर म्हातारा बाप, उजव्या हातात देवीची छोटी मूर्ती आणि शेजारी उभी अक्षरं : सीझर.

"या चित्रात कोण नाही?"

वर्ग गप्प. कथेत ईनिअसबरोबर त्याचा लहान मुलगाही असतो आणि सीझरचं घराणं स्वतःला त्या मुलाचंच वंशज म्हणवायचं. नाण्यावर नेमका तोच नाही. "पोराच्या जागी साहेबांनी स्वतःचं नाव घातलंय," सर म्हणाले. तर्क त्यांचा स्वतःचा, पण मला आजही पटतो.

ही वंशावळ सीझरनं फार आधीपासून वाजवली होती. इ.स.पू. ६९मध्ये आत्याच्या अंत्ययात्रेतल्या भाषणात त्यानं सांगून टाकलं, की आत्या आईकडून राजांच्या कुळातली आणि बापाकडून व्हीनसच्या.

पुढे इ.स.पू. ४४मध्ये त्याचा खून झाला. त्याच उन्हाळ्यात त्याच्या स्मरणार्थ खेळ चालू असताना धूमकेतू दिसला आणि तो सीझरचा आत्माच, असं लोक म्हणू लागले. दोन वर्षांनी सिनेटनं, म्हणजे रोमच्या ज्येष्ठांच्या सभेनं, सीझरला रीतसर देव ठरवलं. ठराव करून देव! आम्ही खो-खो हसलो. दत्तक मुलगा ऑक्टेव्हियन मात्र हसला नसणार. तो आता नाण्यांवर 'देवाचा पुत्र' झाला. त्याला रोम वसवणाऱ्या रोम्युलसचं नाव हवं होतं म्हणतात. पण रोम्युलस पडला राजा, आणि रोमला राजाचं वावडं; त्यात सख्ख्या भावाचा जीव घेतलेला. म्हणून इ.स.पू. २७मध्ये 'ऑगस्टस' (पूजनीय) या किताबावर भागवलं. तरी पुढे स्वतःच्या नव्या फोरममध्ये (सार्वजनिक चौकात) ईनिअस आणि रोम्युलस या दोघांचे पुतळे त्यानं समोरासमोर बसवलेच.

"पण सर, त्यांना स्वतःला हे खरं वाटायचं का?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

सरांनी घड्याळ पाहिलं आणि घाईघाईनं सम्राट व्हेस्पेशियनची गोष्ट सांगितली. इ.स. ७९मध्ये तो मरणाला टेकला, तेव्हा म्हणाला म्हणे, "अरेरे, मी बहुतेक देव व्हायला लागलोय!"