शनिवारी लाल, रविवारी हिरवं: लिमरिकचे दोन सामने

आयर्लंडमध्ये डब्लिनहून लिमरिक शहराला जाताना बहुतेक वेळा लिमरिक जंक्शनला गाडी बदलावी लागते. हे जंक्शन लिमरिकमध्ये नाहीच, शेजारच्या टिपरेरी काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आहे. हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळात टिपरेरी म्हणजे लिमरिकचे पिढीजात वैरी. स्टेशनच्या नावावरून काय काय ऐकावं लागत असेल, कल्पना करा.

आयर्लंडमध्ये रग्बी फोफावतेय आणि हर्लिंगसारखे पारंपरिक गेलिक खेळ मागे पडतायत, असं डब्लिनमध्ये कोणी ना कोणी सांगतंच. तिथे रग्बी म्हणजे मुख्यतः खाजगी शाळांतल्या मुलांचा खेळ: आधी ब्लॅकरॉक कॉलेजसारखी शाळा, मग लेन्स्टर प्रांताचा संघ, मग देशाची जर्सी. लिमरिकचं तसं नाही. इथे कामगार वस्त्यांतही रग्बी मुरलेली आहे. म्हणून मे महिन्यातला एक शनिवार-रविवार मुद्दाम इथे काढला.

शनिवारी संध्याकाळी थॉमंड पार्क. मन्स्टर प्रांताच्या रग्बी संघाचं हे घर. ३१ ऑक्टोबर १९७८ ला याच मैदानावर मन्स्टरने न्यूझीलंडला १२-० असं हरवलं. तेव्हा मैदानात जेमतेम बारा हजार माणसं होती, पण 'मी होतो तिथे' म्हणणारे आज त्याच्या कितीतरी पट सापडतात. राष्ट्रीय संघाला न्यूझीलंडला हरवायला त्यानंतर थेट २०१६ उजाडावं लागलं, तेही शिकागोत.

मला सगळ्यात भावली ती इथली शांतता. पेनल्टी मिळाली, किक मारणाऱ्याने चेंडू टीवर, म्हणजे छोट्या आधारावर, ठेवला, आणि अख्खं स्टेडियम चिडीचूप. माझ्या मागच्या रांगेतलं पोरगं वेफर्सची पिशवी उघडत होतं, त्याच्या आईने नुसता हात दाबला. प्रतिस्पर्ध्याच्या किकलाही तोच मान. गोंगाट करून समोरच्याचं लक्ष उडवायचं, हेच ज्याला ठाऊक, त्याला दोन मिनिटं काही सुधरत नाही.

रविवारी त्याच नदीकाठच्या शहरात, चालत जाण्याइतक्या अंतरावर, हर्लिंगचं मैदान, गेलिक ग्राउंड्स. लिमरिककरांचे कालचे लाल शर्ट गायब, आज ते सगळे हिरव्यात. समोर कॉर्क, मन्स्टरमधलीच दुसरी काउंटी, आणि त्यांचा रंग लालच. म्हणजे काल ज्यांच्या खांद्याला खांदा लावून मन्स्टरसाठी ओरडले, त्यांच्याच विरोधात आज बोंब ठोकायची! तरी दोन्हीकडचे लोक एकाच स्टँडमध्ये मिसळून बसलेले.

हर्लिंग टीव्हीवर कळत नाही. पंधरा-पंधरा जण, हातात ॲश लाकडाची हर्ली, आणि उंचवट्याच्या शिवणीचा तो छोटा चामडी चेंडू, स्लिटर. गोलपोस्ट रग्बीसारखेच एच आकाराचे. आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण, खाली जाळ्यात गेला तर तीन. साठ-सत्तर मीटरवरून धावता धावता मारलेला चेंडू वर गेला की माझी नजर त्याला शोधेपर्यंत पंचाने पांढरं निशाण उचललेलं असायचं. दोन हर्ल्या एकमेकींवर आदळल्याचा तो कोरडा खटका वरच्या रांगेपर्यंत ऐकू येतो.

आणि हे सगळे हौशी खेळाडू. ज्याच्या नावाने हजारो लोक ओरडतात, तो सोमवारी कामावर. रग्बी १९९५ मध्ये व्यावसायिक झाली. जीएए, म्हणजे गेलिक खेळांची संघटना, तिकडे गेलीच नाही. याच जीएएने १९७१ पर्यंत रग्बी खेळणाऱ्या, अगदी बघणाऱ्या सदस्यालाही बंदी घातली होती. १९२० मध्ये ब्रिटिश दलांनी जिथे गोळीबार केला, त्या क्रोक पार्कमध्ये, जीएएच्या डब्लिनमधल्या मुख्य मैदानावर, २००७ साली इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजलं, आणि मग आयर्लंडने त्यांना रग्बीत ४३-१३ असं धुतलं.

माझ्या मते रग्बीच्या लोकप्रियतेचं इंगित इथेच आहे. हर्लिंगला परदेशी शत्रू नाही. लिमरिकने २०२० ते २०२३ सलग चार वेळा ऑल-आयर्लंड ही हर्लिंगची सर्वोच्च स्पर्धा जिंकली, पण त्यापुढे जिंकायला काही नाही. इंग्लंडला हरवायचं तर रग्बी हवी, आणि तिथे उत्तर आयर्लंडचे खेळाडूही एकाच जर्सीत असतात. पण आपल्या गावासाठी खेळायचं तर गेलिकच. शहराबाहेरच्या पॅट्रिक्सवेल गावचंच बघा: रग्बीचा कॉनर मरे तिथलाच, आणि हर्लिंगचा कियन लिंच त्याच गावच्या क्लबचा. मग कोण कोणाला गिळतंय?

सामन्यानंतर चिप्सच्या रांगेत पुढच्या आजोबांना विचारलं, दोन्ही सामने एकाच वेळी आले तर? ते म्हणाले, "फायनल कुठली आहे, त्यावर आहे." जरा थांबून म्हणाले, "दोन्ही फायनल असतील तर हर्लिंग. रग्बी बायको बघेल आणि मला फोन करेल."