आजीच्या अकरा रुपयांतला एक

लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी चौरंगावर चांदीचे अकरा रुपये मांडतात. एरवी ते पितळी डब्यात, डबा कोठीच्या खोलीत आणि किल्ली आजीच्या कमरेला. ती ते दुधापाण्याने धुवायची, हळदीकुंकू लावायची आणि आम्हा लेकरांना लांबूनच दाखवायची. "तीन राणी छाप, आठ राजा छाप. मोजा, पन हात लावू नोका." राणी म्हणजे व्हिक्टोरिया, राजा म्हणजे तिच्यानंतरचे इंग्रज राजे.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. पणजोबांच्या काळात कापूस विकला की पैसा घरी यायचा तो असा, खणखण वाजणारा. त्याला आजी 'कलदार' म्हणायची. एक रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यामुळे वजनं कमी पडली की तराजूत रुपयेच टाकायचे.

आजी गेली आणि डबा माझ्याकडे आला. रुपये पहिल्यांदाच नीट हातात घेतले तर एकाचं सालच वाचता येईना. कितीतरी दिवाळ्यांची हळद आकड्यांच्या खाचांत बसून दगड झाली होती. वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवला, सकाळी बोटानेच हळूहळू सोडवला. १९११.

हे साल दिसलं की पंचम जॉर्जच्या अंगरख्याकडे पाहायचं. त्याच्या छातीवरच्या साखळीत एक हत्ती आहे. घड्याळजींकडे असतं तसं दहापट भिंग लावा आणि उजेड एका बाजूने येऊ द्या. १९११च्या नाण्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड आहे की तो डुकरासारखा दिसतो. राजाच्या अंगावर डुक्कर आहे असा बोभाटा झाला, लोक दुखावले आणि सरकारने ही नाणी मागे घेतली. जवळपास चौऱ्याण्णव लाख रुपये पाडले होते, त्यातले सुमारे सात लाखच बाहेर पडले होते. १९१२ पासून हत्तीला लांब सोंड आणि मोठे कान मिळाले. म्हणून याला 'डुक्कर छाप' म्हणतात.

मी आजीचा १९११ आणि तिचाच १९१८ शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा फरक एका नजरेत कळला. नुसतं वाचून तो कळला नसता. नाणी ओळखायला शिकायची तर जोडीने पाहावीत.

मोबाइलवर 'हा रुपया असेल तर लाखो मिळतील' असे व्हिडिओ फिरतात. त्यामुळे गावातली माणसं डबे उघडून बसतात आणि नंतर हिरमुसतात. १९११चा रुपया साध्या रुपयाहून महाग, हे खरं. पण किंमत ठरते ती झीज किती, कडी झाळली आहे का आणि कोणी घासला आहे का, यावर. माळेत ओवण्यासाठी कडी झाळलेला रुपया आमच्या भागात घरोघरी सापडतो. माळ म्हणून ती देखणी असते, पण संग्रहाच्या दृष्टीने त्या नाण्याचं मोल उतरतं.

घासण्याचं तर मलाच आजही वाईट वाटतं. डब्यातला एक राणी छाप मी चिंच आणि राखेने चकचकीत केला होता. शंभर वर्षांची काळसर झिलई दहा मिनिटांत गेली. राणीच्या केसांच्या रेषाही पुसट झाल्या आणि त्यावर आता बारीक ओरखडे दिसतात. ते परत येत नाही. काळं पडलेलं नाणं काळंच राहू द्या, एवढं प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

पंचम जॉर्जच्या रुपयाच्या मागच्या बाजूला, अगदी खाली, कमळाच्या फुलाखाली बारीक ठिपका असेल तर नाणं मुंबई टांकसाळीचं, नसेल तर कलकत्त्याचं. १९४० पासून रुपयातली चांदी जवळजवळ ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली. सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया फार दुर्मिळ, म्हणूनच १९३८च्या ८चा ९ करून विकणारे भेटतात. शेवटचा आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या उंचीचा किंवा खरवडलेला दिसला की पैसे देऊ नका. ओतीव नकलीवर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू पदरात सात रुपये घेऊन आल्या. नातीसाठी तोरड्या करायच्या, सोनाराकडे जायच्या आधी मला दाखवायला. आम्ही ओसरीवर बसलो. सहा साधे निघाले, १९१७, १९१८, १९१९ असेच, खूप पाडले गेलेले. सातवा राणी छाप, १८६२.

१८६२ पाहून लोक नाणं न तपासताच बाजूला ठेवून देतात, कारण हे साल खूप दिसतं. दिसणारच, कारण हेच साल १८७४ पर्यंत रुपयावर छापत राहिले. मग खरं वर्ष कसं ओळखायचं? ठिपके मोजून त्याचा अंदाज बांधायचा. तारखेखाली, मोहरीपेक्षाही लहान. ठिपक्यांची जागा आणि संख्या बदलली की प्रकार बदलतो. या एकाच सालाचे प्रकार जमवण्यात लोकांनी आयुष्यं घातली आहेत.

मी भिंग काकूंच्या हातात दिलं. त्यांनी एक डोळा मिटला, नाणं नाकाजवळ नेलं.

"काहीच दिसून नाही राह्यलं बापू."

"थोडं तिरपं धरा काकू, उन्हाकडे."

बराच वेळ गेला. मग त्या हसल्या. "हाव, हाये. बारीक बारीक हायेत."

"याचे किती येतीन?" असं त्यांनी विचारलंच. खरं तेच सांगितलं, की फार नाही, झिजला आहे, पण वितळवला तर त्यातलं हे ठिपक्यांचं लिखाण कायमचं जाईल. त्यांनी सहा रुपये रुमालात बांधले. सातवा वेगळा काढला, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि उठता उठता विचारलं, "ठिपके कितीक म्हनले?"

"चार."

"चार," त्या म्हणाल्या आणि सोनाराकडे गेल्या.