तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णा उसाला का गेले

नोकरी लागल्यावरही बापाला उसाला का जाऊ दिलंस? दहाव्याला पावण्यांनी विचारलं, ऑफिसात विचारतात, परवा मुलीच्या शाळेतल्या एका पालकानंही विचारलं. "ऐकायचे नाहीत हो ते," म्हणून आजवर वेळ मारून नेली. त्यात अर्धी लबाडी होती.

मुळात 'जाऊ दिलंस' हेच मला टोचतं. अण्णा माझ्या परवानगीनं जगणारे नव्हते. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातलं चार एकर मुरमाड रान, बाजरी पिकली तर पिकली. दसरा झाला की ऊस तोडायला कारखान्याकडं निघायचं आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्यात परतायचं, असं तीस वर्षं चाललं. माझा डिप्लोमा त्यांच्या उचलीवर झाला, म्हणजे तोडणीची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांवर. असो, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

२०१८ चं सांगतो. दसऱ्यानंतर पंधरवड्यात सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमच्या घरात तो पोळ्यालाच जाहीर झाला होता. दावणीला एक म्हातारा बैल आणि एक धडधाकट, कडबा संपलेला. मी पतसंस्थेचं कर्ज काढून साठ हजार घेऊन गावी गेलो. म्हटलं, अण्णा, हे मुकादमाला परत करा, बैल विका, राहिलेली उचल मी दिवाळीत फेडतो, पुण्याला चला. अण्णांनी थुंकी लावून नोटा दोनदा मोजल्या, बंडीत ठेवल्या. बोलले काहीच नाहीत.

आठवडी बाजारातून परतले ते हातात कासरा धरून. मागं तांबडा बैल.

मी ओरडलो. आईसमोर, शेजाऱ्यांसमोर. "बैल इका म्हनलं व्हतं मी, घ्या न्हवं!"

अण्णा खुंट्याला गाठ मारत होते. "इथं काडी न्हाई. तिकडं उसाचं वाढं फुकाट मिळतंय, चाऱ्याला. जनावर जगवायचं तर जावं लागतंय."

"आन् तुमी?"

"मला काय धाड भरलीय?"

मग मी जे बोललो ते आजवर कुणाला सांगितलं नाही. म्हणालो, तुम्हाला पोरगा नको, बैल पाहिजेत. अण्णांनी ऐकलं आणि बैलाला पाणी दाखवायला घेऊन गेले.

चार दिवसांनी पहाटे ट्रक आला. आधी बैलगाडी चढवली, मग बैल. तांबडा नवखा, फळीवर पाय टाकेना. अण्णा वरून कासरा ओढत होते आणि मी खालून मोबाईलची बॅटरी धरून उजेड दाखवत होतो. अडवायचं होतं तर उजेड कशाला धरलास? हा प्रश्न तुमच्यापैकी कुणी विचारत नाही, म्हणून मीच मला विचारतो.

खरं सांगू? पुण्यात वन आरके होतं, डोक्यावर हप्ता होता, आणि अण्णा गॅलरीतून तंबाखू थुंकतील याची मला आधीच लाज वाटत होती. परतीच्या एसटीत मला गाढ झोप लागली. त्या झोपेचा राग अजून जात नाही. पण आणलं असतं तर त्या खोलीत करमलं असतं का त्यांना? तेव्हाचा मी म्हणतो, नसतं. आताचा मी म्हणतो, विचारून तरी बघायचं होतंस, ओरडण्याऐवजी. दोघांचं भांडण चालू आहे.

आणि आईचं कुणीच कसं विचारत नाही? एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अण्णा तोडत, आई मोळ्या बांधून गाडीपर्यंत वाहत असे. त्याआधी पहाटे कोपीपुढं, म्हणजे तिथल्या झोपडीपुढं, भाकरी थापणारीही तीच. एक दिवस आजारी पडली की खाडा, त्याचे पैसे उचलीत चढायचे. अण्णा गेले म्हणून त्यांच्या कष्टांची आठवण निघते. ती अजून आहे, तर तिची निघत नाही. तुम्हाला कशाला बोल लावू? साठ हजार घेऊन गेलो तेव्हा पुण्याला चला म्हणालो ते मीही अण्णांकडेच बघून.

अण्णा २०२२ च्या पावसाळ्यात वारले. घरी, दावणीजवळ. उसाच्या फडात नव्हे, एवढं तरी नीट सांगत जा.

बैल मी विकले. घेणारा गाडीवालाच होता, म्हणजे ते पुन्हा उसालाच गेले. आई आता माझ्याकडे असते. दसरा झाला की विचारते, "आपला तांबडा औंदा कुठल्या कारखान्याला गेला रं?" मला ठाऊक नसतं. मी काहीतरी नाव सांगतो.