प्रॅक्टिस अष्टमीला का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नाताळाआधीचा आगमनकाळ लागला की कुणीतरी विचारतंच, चर्चच्या क्वायरची, म्हणजे गायकवृंदाची, नाताळच्या कार्यक्रमाची प्रॅक्टिस तिथी बघून का ठेवता? रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर सगळे मोकळे असतात की!

सगळे म्हणजे कोण? सोप्रानो, आल्टो, म्हणजे बायकांचे आवाज, त्या मोकळ्या असतात. माझे टेनर आणि बास, म्हणजे पुरुषांचे वरचे आणि खालचे आवाज, वसईच्या पाचूबंदरचे मच्छीमार, डोल नावाचं पिशवीसारखं जाळं लावणारे. डोल भरते पाण्याच्या ओढीवर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात, तेव्हा ही माणसं समुद्रात. अष्टमीच्या आसपास भांग लागतो, पाणी मंदावतं, होड्या किनाऱ्याला येतात. मग वार कुठलाही असो, प्रॅक्टिस तेव्हाच.

"बास की-बोर्डवर वाजवा" हेही ऐकून झालंय. 'शांती' या शब्दावरचा लांब सूर घ्या. 'शा'वर सूर उघडा धरायचा आणि 'न' अगदी शेवटी, सगळ्यांनी एकदम लावायचा. घाई झाली की सूर नाकात जातो आणि वरच्या बायकांचा आधारच सुटतो. ही एवढीशी जागा समोरासमोर उभं राहूनच बसते.

२०२३चं सांगतो. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी दत्तजयंतीची पौर्णिमा, म्हणजे कार्यक्रम उधाणाच्या तोंडावर, त्यात बोंबलाचा हंगाम. माझा सगळ्यात पक्का बास होडीवर गेलाच नाही, कार्यक्रमाला उभा राहिला. सुरेख गायला. त्या फेरीला होडीला भरपूर माल लागला आणि त्याचा वाटा बुडाला. दुसऱ्या दिवशी बंदरावर त्याचा थोरला भाऊ बोंबील सुकत घालत होता. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, जोडी काठीवर टाकायची, पुढची घ्यायची. हात न थांबवता म्हणाला, "सर, गाणं चांगलं झालं म्हणतात. पोरीची फी आता तुम्ही भरणार ना?" माझा हात खिशाकडे गेला. त्यानं तो पाहिला. "तेवढ्यासाठी नाही बोललो," म्हणाला आणि पुढची जोडी उचलली.

मी त्या बासला थांब म्हटलं नव्हतं. जा असंही म्हटलं नव्हतं. मला तो हवा होता, आणि हे त्याला माहीत होतं.

पूर्वीचा, हजेरीवही ठेवणारा मी म्हणाला असता, ज्याला जमत नाही त्यानं श्रोत्यांत बसावं. त्याचं सगळंच चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. पंधरवड्यानं भेटणाऱ्यांचे सूर एकमेकांत मुरत नाहीत. पण त्याच्या क्वायरमध्ये पाचूबंदरचं कुणी उरलं नसतं. त्यांच्याशिवाय आमच्या धर्मग्रामाचा, म्हणजे चर्चच्या परिसराचा, नाताळ मला मान्य नाही.

२०२४ला २४ डिसेंबरच भांगात आला, सगळे होते. दरवर्षी तसं कसं येणार? कार्यक्रमच नाताळनंतरच्या भांगात घ्यावा, असं मी सुचवलंय. फादर नाही म्हणाले नाहीत. बायका म्हणाल्या, नाताळ सरल्यावर येशूजन्माची, गोठ्याची गाणी ऐकायला कोण येणार? जानेवारीतल्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत नाताळकाळच असतो, हे मी सांगितलं. त्यांना ते माहीत आहे. लोक येतील का, हे त्या विचारत होत्या, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.